पार्श्वसेवांचा नेटका प्रारंभ : लिनक्स, विंडोज व मॅक यांचा तुलनात्मक विचार (हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांच्या या जिल्ह्याची ओळख औंढ्याचे ज्योतिर्लिंग, संत नामदेवांची नर्सी आणि हळदीची बाजारपेठ यांवरून सांगितली जाते. अलीकडे या ओळखीत विज्ञानाची भर पडली आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या 'लायगो-इंडिया' प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली. या वेधशाळेची जागा औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेले हे उपकरण अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांच्या धर्तीचे असेल.

अशा वेधशाळेतून निघणारी माहिती प्रचंड असते आणि तिच्यातून क्षीण संकेत वेचून काढण्यास अफाट संगणकीय शक्ती लागते. ही शक्ती केवळ महासंगणकांतूनच यावी असे नाही. १९ फेब्रुवारी २००५ रोजी सुरू झालेल्या 'आईन्स्टाईन ॲट होम' या प्रकल्पात जगभरातील सामान्य नागरिक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ देतात आणि लायगोच्या माहितीचे लहान लहान तुकडे त्यांच्या घरी किंवा कार्यालयात तपासले जातात. याच प्रकल्पातून २०१० मध्ये अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींत एक नवा स्पंदक सापडला. ज्यांच्या संगणकांनी तो टिपला ते व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ नव्हते.

दुधाळ्याच्या परिसरातील महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा दुपारनंतर आणि सुट्ट्यांत बहुधा रिकाम्या असतात. त्यांनाही या कार्यात सहभागी होता येईल. मात्र वीज खंडित होऊन पुन्हा आली की संगणक सुरू होतो, आणि पडद्यामागे चालणारे हे गणन सुरू होतेच असे नाही. ते थांबल्याचे कोणाला कळतही नाही. महाविद्यालयाचा ग्रंथालय सर्व्हर असो वा हजेरीची यंत्रणा, अडचण हीच असते. प्रस्तुत लेखात पार्श्वसेवांचा प्रारंभ नेटका होण्यासाठी कोणत्या बाबी ठरवाव्या लागतात आणि तीन प्रमुख ऑपरेटिंग सिस्टिम त्या कशा हाताळतात, याचे विवेचन केले आहे. उदाहरणादाखल आईन्स्टाईन ॲट होम ज्या 'बॉइंक' या मुक्त संगणकप्रणालीवर चालते, ती घेतली आहे. कारण ती या तीनही ठिकाणी पार्श्वसेवा म्हणून चालू शकते.

पार्श्वसेवा : संकल्पना

पडद्यावर खिडकी न उघडता, कोणीही वापरकर्ता लॉग-इन झालेला नसतानाही जो प्रोग्रॅम काम करीत राहतो त्यास पार्श्वसेवा म्हणता येईल. युनिक्स परंपरेत तिला 'डीमन' म्हणतात. हे नाव १९६३ च्या सुमारास एमआयटी येथील संगणकतज्ज्ञांनी, रेणूंची निवड करणाऱ्या मॅक्सवेलच्या काल्पनिक जीवावरून घेतले. विंडोजमध्ये तिला 'सर्व्हिस' म्हटले जाते.

बॉइंकची रचना ही संकल्पना चांगली स्पष्ट करते. तिचे दोन भाग असतात. 'क्लायंट' हा खरा कामकरी भाग पार्श्वभूमीवर गणन करतो, तर 'मॅनेजर' ही केवळ खिडकी असते. मॅनेजर ३१४१६ क्रमांकाच्या पोर्टवरून क्लायंटशी बोलतो व स्थिती दाखवितो. क्लायंट पार्श्वसेवा म्हणून चालत असल्यास खिडकी बंद केली तरी काम थांबत नाही. ज्या प्रणालीत काम आणि खिडकी यांची अशी फारकत केलेली नसते, तिला पार्श्वसेवा बनविणे कठीण जाते.

ऑटोस्विचचा धडा

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास मराठवाड्यातील शेतकऱ्याला परिचित असलेला एक दृष्टान्त उपयोगी पडतो. रात्री-अपरात्री वीज येते, म्हणून कृषिपंपाला ऑटोस्विच बसविला जातो. वीज येताच पंप आपोआप सुरू होतो. सोय मोठी आहे, परंतु ऑटोस्विचला एकच गोष्ट कळते : वीज आली. विहिरीत पाणी आहे काय, पंपात हवा धरली आहे काय, हे त्यास ठाऊक नसते. शिवाय परिसरातील सर्व पंप एकाच क्षणी सुरू झाल्याने रोहित्रावर भार येतो आणि ते जळते. म्हणूनच ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसविण्याचे आवाहन महावितरण वेळोवेळी करीत असते.

संगणक सुरू होताच प्रोग्रॅम चालू करणारी एखादी साधी आज्ञावली, किंवा 'स्टार्टअप' फोल्डरमध्ये ठेवलेले चिन्ह, हा संगणकातील ऑटोस्विचच होय. तो डेटाबेस तयार आहे की नाही हे न पाहता ग्रंथालयाची प्रणाली सुरू करतो, ती लगेच कोसळते, आणि सकाळी ग्रंथपालास कोरा पडदा दिसतो. नेटक्या प्रारंभासाठी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे आधीच ठरलेली असावी लागतात.

१. सेवा कोणाच्या अधिकाराने, म्हणजे कोणत्या खात्याखाली चालेल?
२. ती कशानंतर आणि कशाच्या आधारावर सुरू होईल?
३. ती 'सुरू झाली' आणि 'तयार झाली' यांतील फरक कसा ओळखला जाईल?
४. ती थांबविताना तिला आवराआवर करण्यास किती अवधी मिळेल?
५. ती मध्येच कोसळली तर पुन्हा किती वेळा उठवावी आणि त्याची नोंद कोठे व्हावी?

ही उत्तरे प्रोग्रॅमने स्वतः न देता ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेवाव्यवस्थापकाकडे सोपविणे, हेच या विषयाचे सार आहे. व्यवस्थापक तिन्हीकडे वेगळा आहे. प्रश्न मात्र तेच आहेत.

लिनक्स

जुन्या युनिक्स पद्धतीत प्रत्येक सेवेची एक आज्ञावली असे व तिच्या दुव्याच्या नावातील क्रमांकावरून क्रम ठरे. लहान क्रमांक आधी, मोठा नंतर. सेवा स्वतःची प्रत काढून मूळ प्रक्रियेतून बाहेर पडे आणि आपला प्रक्रिया-क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवी. वीज अचानक गेल्यास ही फाइल मागे राहू शके आणि पुढच्या वेळी 'सेवा आधीच चालू आहे' असा चुकीचा समज होऊन ती सुरूच होत नसे.

२०१० मध्ये आलेल्या 'सिस्टिमडी'ने ही पद्धत बदलली. फेडोरा (२०११), रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ (२०१४), डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ (दोन्ही २०१५) यांनी ती मूलभूत व्यवस्था म्हणून स्वीकारली. येथे प्रत्येक सेवेसाठी एक छोटी वर्णन-फाइल असते आणि सेवेच्या सर्व उपप्रक्रिया एका गटात बांधल्या जातात. त्यामुळे प्रक्रिया-क्रमांकाच्या फाइलवर विसंबावे लागत नाही.

या फाइलमधील दोन शब्दांबाबत नेहमी गल्लत होते. 'आफ्टर' हा केवळ क्रम सांगतो, तर 'रिक्वायर्स' हा गरज सांगतो. केवळ गरज लिहिली तर दोन्ही सेवा एकदमच सुरू होतात; केवळ क्रम लिहिला तर ज्या सेवेची वाट पाहायची ती सुरूच झाली नाही तरी हरकत मानली जात नाही. बहुतेक ठिकाणी दोन्ही लिहावे लागतात. तसेच 'नेटवर्क' हे लक्ष्य गाठले याचा अर्थ जाळ्याची व्यवस्था उभी राहिली एवढाच. जोडणी प्रत्यक्षात मिळाली हे 'नेटवर्क-ऑनलाइन' सांगते.

तयारीच्या प्रश्नाचे उत्तर 'टाइप' या ओळीत असते. 'सिंपल' प्रकारात प्रक्रिया जन्मास आली की व्यवस्थापक ती सुरू झाली असे मानतो. 'नोटिफाय' प्रकारात सेवा स्वतः 'आता मी तयार आहे' असा निरोप पाठविते आणि तोवर तिच्यावर अवलंबून असलेल्या सेवा थांबून राहतात. पंप फिरू लागणे आणि पाटात पाणी येणे यांतील हा भेद आहे.

लिनक्सवरील बॉइंकची वर्णन-फाइल या दृष्टीने अभ्यसनीय आहे. सेवा 'बॉइंक' या मर्यादित अधिकारांच्या खात्याखाली चालते. तिचा अग्रक्रम मुद्दाम खालचा ठेवलेला असतो, म्हणजे विद्यार्थी काम करू लागला की गणन मागे सरते. थांबविताना तिला रीतसर निरोप दिला जातो आणि शेवटी मागे राहिलेली कुलूप-फाइल पुसली जाते. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने, तिच्या अलीकडच्या आवृत्त्या वापरणाऱ्या संस्थांनाही हे विवेचन लागू पडते.

विंडोज

विंडोजमध्ये हे काम 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर' करतो. त्याची अट अशी की, सेवा म्हणून सुरू केलेल्या प्रोग्रॅमने सामान्यतः ३० सेकंदांच्या आत त्याच्याशी संपर्क साधला पाहिजे. अन्यथा १०५३ क्रमांकाची त्रुटी येते. साध्या प्रोग्रॅमला सेवा म्हणून नोंदविले असता हीच त्रुटी दिसते, कारण त्या प्रोग्रॅमला व्यवस्थापकाची भाषाच येत नसते. सेवेने आधी 'सुरू होत आहे' आणि मग 'चालू आहे' असे कळवावयाचे असते. म्हणजे तयारीचा निरोप येथे मुळातच अपेक्षित आहे. तो प्रामाणिकपणे देणे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती असते.

२००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून दोन महत्त्वाचे बदल झाले. पहिला, 'विलंबित स्वयंप्रारंभ'. निकडीच्या नसलेल्या सेवा इतर सेवा सुरू झाल्यानंतर काही काळाने उठतात आणि रोहित्रावरील भार जणू विभागला जातो. दुसरा, सेवांना वापरकर्त्याच्या सत्रापासून तोडून 'सत्र शून्य'मध्ये ठेवण्यात आले. सुरक्षिततेसाठी हे आवश्यक होते. परंतु यामुळे सेवा पडद्यावर संदेश दाखवू शकत नाही. बॉइंकची स्थापना सेवा म्हणून केल्यास तिला ग्राफिक्स कार्डचा उपयोग करता येत नाही, त्याचे कारण हेच. ज्या प्रयोगशाळेत साधे संगणक आहेत तेथे या मर्यादेने बिघडत नाही.

सेवा कोसळल्यास काय करावे हे 'रिकव्हरी' या पानावर पहिल्या, दुसऱ्या आणि त्यानंतरच्या वेळेसाठी स्वतंत्रपणे ठरविता येते. आणखी एक बाब ध्यानी ठेवावी. विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप' सोयीत संगणक बंद करताना सत्र शून्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. म्हणून संगणक 'शट डाउन' करून पुन्हा चालू केला तर सेवांचा प्रारंभ खऱ्या अर्थाने तपासला जात नाही. त्यासाठी 'रीस्टार्ट' हाच पर्याय निवडावा लागतो.

मॅक

ॲपलने एप्रिल २००५ मध्ये मॅक ओएस टेन १०.४ सोबत 'लाँचडी' आणले. येथे वर्णन-फाइल कोठे ठेवली यावरूनच बरेच काही ठरते. 'लाँचडीमन्स' फोल्डरमधील सेवा यंत्र सुरू होताच, कोणी लॉग-इन न करताही उठते. 'लाँचएजंट्स'मधील सेवा वापरकर्ता आल्यावर उठते. बॉइंकच्या नेहमीच्या स्थापनेत मॅनेजर क्लायंटला सुरू करतो. म्हणून वीज आल्यावर लॉग-इनशिवाय गणन चालावे असे वाटत असेल तर ते डीमन म्हणून नोंदवावे लागते.

लाँचडीची शिस्त जुन्या युनिक्सच्या अगदी उलट आहे. सेवेने स्वतःची प्रत काढून मूळ प्रक्रियेतून निघून जाऊ नये. तसे केल्यास सेवा मेली असे लाँचडी समजते, तिला जिवंत ठेवण्याची सूचना असल्यास पुन्हा उठविते आणि हा फेरा चालूच राहतो. सेवा वारंवार पडत असल्यास दोन प्रयत्नांत किमान १० सेकंदांचे अंतर ठेवले जाते.

सेवांमधील क्रम लिहिण्याची सोय मात्र लाँचडीत नाही. जाळे उपलब्ध असेल तरच सेवा चालू ठेवण्याची एक सूचना पूर्वी होती. ती बहुतेकांच्या अपेक्षेप्रमाणे वागत नसल्याने पुढे रद्द करण्यात आली. त्यामागील भूमिका अशी की, आधार मिळेपर्यंत धीर धरण्याची क्षमता सेवेच्या अंगीच असावी.

तुलना आणि तात्पर्य

या तीन व्यवस्थांची पाच प्रश्नांवर तुलना केली असता काही गोष्टी स्पष्ट होतात. खाते ठरविण्याची सोय तिन्हीकडे आहे आणि सर्वोच्च अधिकाराचे खाते टाळावे हा नियमही तिन्हीकडे सारखाच आहे. क्रम आणि गरज यांची भाषा सिस्टिमडीत सर्वांत समृद्ध, विंडोजमध्ये मर्यादित, तर लाँचडीत नाहीच. पुनःप्रारंभावर मर्यादा तिन्हीकडे घालता येते : सिस्टिमडी मूळ मांडणीनुसार १० सेकंदांत पाच प्रयत्नांनंतर हात टेकते, विंडोज पायऱ्या ठरवू देते, लाँचडी अंतर राखते. नोंदीसाठी लिनक्सवर जर्नल, विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअर आणि मॅकवर कन्सोल पाहावे.

मात्र सर्वांत मोलाचा धडा बॉइंकच्या अंतर्गत रचनेतून मिळतो. तिला प्रारंभी जाळ्याची गरजच नसते. काही दिवसांचे काम आधीच जवळ साठवून ठेवता येते. जोडणी नसली तरी गणन चालू राहते आणि जोडणी आल्यावर उत्तरे पाठविली जातात. सर्व्हरशी संपर्क न झाल्यास ती लगेच पुन्हा प्रयत्न न करता प्रत्येक वेळी थांबण्याचा अवधी वाढवीत जाते, आणि त्यात यादृच्छिकताही ठेवते. त्यामुळे सर्व्हर पूर्ववत झाल्यावर जगभरातील संगणक एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडत नाहीत. व्यवस्थापकाला लिहून दिलेले अवलंबन उपयुक्त असते. पण जे अवलंबन मुळातच काढून टाकता येते ते काढणे अधिक हिताचे.

वीजपुरवठा आणि प्रत्यक्ष व्यवहार

ग्रामीण भागातील प्रयोगशाळेत प्रारंभाची खरी कसोटी वीज खंडित झाल्यावर लागते. म्हणून पुढील बाबींची पडताळणी आवश्यक ठरते.

पहिली बाब यंत्राची. वीज परतल्यावर संगणक आपोआप चालू व्हावा की बंद राहावा, हे बायोसमधील एका सूचनेवर अवलंबून असते. सर्व यंत्रे एकदम उठू नयेत म्हणून सर्व्हर तेवढे आपोआप आणि विद्यार्थ्यांचे संगणक हाताने, अशी विभागणी करता येते.

दुसरी बाब घड्याळाची. जुन्या संगणकांतील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली असते. वीज गेली की अशा यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित जोडणीसाठी तपासले जाणारे प्रमाणपत्र 'अद्याप वैध नाही' असे ठरते आणि सेवा निर्दोष असूनही सर्व्हरशी बोलू शकत नाही. किरकोळ किमतीच्या बॅटरीने सुटणारा हा दोष कित्येकदा सेवेच्या माथी मारला जातो.

तिसरी बाब थांबविण्याची. प्रारंभ नेटका व्हावयाचा असेल तर आधीचा शेवट नेटका झालेला असावा लागतो. बॉइंकमधील गणने ठराविक अंतराने आपली प्रगती डिस्कवर लिहून ठेवतात. त्यामुळे वीज गेली तरी शेवटच्या नोंदीपासून पुढे जाता येते. ग्रंथालयाच्या डेटाबेसला मात्र यूपीएसचा अवधी संपण्यापूर्वी बंद होण्याची आज्ञा मिळाली पाहिजे. यूपीएस आहे, पण त्याचा संगणकाशी संवाद नाही, ही स्थिती अर्धवट तयारीची होय.

चौथी बाब दुहेरी प्रारंभाची. सेवा म्हणूनही आणि लॉग-इन झाल्यावरही तोच प्रोग्रॅम सुरू करण्याची व्यवस्था चुकून होऊ शकते. बॉइंक कुलूप-फाइलच्या साहाय्याने दुसरी प्रत नाकारते. सर्वच प्रणाली अशी दक्षता घेत नाहीत.

पाचवी बाब परवानगीची. महाविद्यालयाचा संगणक ही संस्थेची मालमत्ता आहे आणि गणनासाठी वीज लागते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका तांत्रिक महाविद्यालयाच्या संगणकांवर परवानगीविना असा सामायिक गणनाचा प्रोग्रॅम बसविणाऱ्या कर्मचाऱ्यावर फौजदारी खटला झाला व जानेवारी २००२ मध्ये तो तडजोडीने मिटला. प्राचार्यांची लेखी अनुमती आणि वेळेची मर्यादा या दोन्ही गोष्टी तांत्रिक मांडणीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

या सर्वांची चाचणी एकाच पद्धतीने घ्यावी. माहितीची प्रत सुरक्षित ठेवून संगणक रीस्टार्ट करावा, कोणीही लॉग-इन करू नये आणि शेजारच्या यंत्रावरून सेवा जिवंत आहे काय ते पाहावे. लॉग-इन केल्यानंतर सेवा चालू दिसणे हा नेटक्या प्रारंभाचा पुरावा नव्हे.

निष्कर्ष :

पार्श्वसेवेचा प्रारंभ ही संगणक चालू करण्याच्या क्षणाची बाब वाटते. वस्तुतः ती अधिकार, आधार, तयारी, शेवट आणि पुनरुत्थान यांविषयीच्या निर्णयांची बाब आहे. लिनक्स, विंडोज आणि मॅक यांची भाषा वेगळी असली तरी विचारलेले प्रश्न समान आहेत. म्हणून विद्यार्थ्यांना एखाद्या प्रणालीच्या आज्ञा पाठ करावयास लावण्याऐवजी हे पाच प्रश्न शिकविणे अधिक टिकाऊ ठरेल. एकच सेवा तिन्ही प्रणालींवर उभी करून दाखविणे हा पदवी स्तरावरील उत्तम प्रात्यक्षिक प्रकल्प होऊ शकतो.

आईन्स्टाईन ॲट होममध्ये कामाचा प्रत्येक तुकडा पडताळणीसाठी किमान दोन संगणकांकडे जातो व त्यास मुदत असते. एका प्रयोगशाळेतील सेवा निमूटपणे बंद पडली तर त्या तुकड्याचे उत्तर दुसरीकडून मिळेपर्यंत पडताळणी खोळंबते. दुधाळ्याची वेधशाळा २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट मंजुरीच्या वेळी ठेवण्यात आले होते. तिच्या दाराशी असलेल्या महाविद्यालयांतून संगणक-व्यवस्था समजणारे मनुष्यबळ तयार व्हावयाचे असेल, तर त्याची सुरुवात आपल्याच प्रयोगशाळेतील संगणक वीज परतल्यावर कोणी न उठविता कामाला लागतो की नाही, हे पाहण्यापासून करता येईल.